बेटावरचा दिवा आणि आंघोळीचा बंब

आमच्या घोडेगावच्या बाजूला समुद्र कुणाच्या स्वप्नातसुद्धा येत नाही. माझ्या सासरच्या गावात पाण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे घोड नदीचा डोह, आणि उन्हाळ्यात त्यात म्हैस बसली की पाणी बाहेर आणि म्हैस आत अशी अवस्था व्हायची. अशा गावात, आमच्या माजघरात, ज्वारीच्या कणगीशेजारी, जुन्या गोधडीत गुंडाळलेलं एक दीपगृह होतं. थट्टा नाही करत. बुरूज तेवढा कोकणात राहिला होता. त्याचा डोळा आमच्याकडे होता.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी नवी नवरी होऊन त्या घरात आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मला कणगीजवळ नेलं आणि गोधडी बाजूला केली. मला वाटलं कुलदैवत दाखवतायत. मी पदर सावरून हात जोडले.

“जोड, जोड,” आत्याबाई म्हणाल्या. “देवच हाय त्यो. फकस्त बोट लावू नगंस.”

पितळेच्या चौकटीत बसवलेली, मोठ्या घागरीएवढी काच होती ती. पण सपाट नाही. एकीवर एक जाड कडी रचल्यासारखी, कांदा आडवा चिरला की आत दिसतात तशी वलयंच वलयं. मधे पोकळी, आणि त्या पोकळीत रॉकेलचा वातीचा दिवा. साधाच, आपल्या कंदिलाच्या थोरल्या भावासारखा. पण तो पेटवून काच खाली सोडली की ती वलयं सगळा उजेड गोळा करत आणि आडवा पसरून लांबवर फेकत. आत्याबाई म्हणायच्या, हा दिवा गलबतांना तिन्हीसांजेच्या धुरकटातूनही कोसावरून दिसे.

आता हा दिवा डोंगरात कसा आला ते सांगते. माझे सासरे, म्हणजे मामंजी, तरुणपणी पोटापाण्यासाठी मुंबईला गेले. तिथे दीपगृहाच्या खात्यात माणसं हवी होती. साहेबाने विचारलं, उंचावर चढायची भीती वाटते का? मामंजी म्हणाले, “शिवनेरी नि जीवधन चढून म्हातारा झालेल्या बापाचा मी ल्योक हाय.” साहेबाला जीवधन ठाऊक नव्हता, पण आवाज पटला. मामंजींना कोकणातल्या एका बेटावर धाडलं. साहेबाने चढण्याचं विचारलं, होडीचं विचारलं नाही. पहिल्याच फेरीत मामंजींनी पोटातलं सगळं समुद्राला अर्पण केलं, आणि त्या दिवसापासून दोघांचं जे वाकडं आलं ते कायमचं.

आत्याबाईंचं उलट झालं. डोंगरातली ही बाई होडीतून उतरली, काळ्या फत्तरावर उभी राहिली, चारी बाजूंनी पाणी पाहिलं आणि म्हणाली, “हितं शेजारी न्हाईत. लई बेस!”

ते दीपगृह इंग्रजांच्या काळातलं, काळ्या घडीव दगडाचं. आधी म्हणे त्यात खोबरेलाचा दिवा जळायचा, आणि बेटावरच्या घुशी तेल पिऊन इतक्या माजायच्या की मांजराने बेट सोडलं असतं, पण त्याला होडी मिळेना. मग रॉकेल आलं. पावसाळ्याचे चार महिने होडी बंद. तांदूळ, मीठ, काडेपेटी सगळं आधी भरून ठेवायचं. वारा असा की आत्याबाई कोंबड्यांच्या पायाला दोरी बांधून दगडाला अडकवत. “न्हाईतर अंडं हितं आन् कोंबडी आफ्रिकेत,” असं त्या तोंडावरची रेष न हलवता सांगायच्या.

त्या दिव्याची एक चाल होती. प्रत्येक दीपगृहाची असते म्हणे, म्हणजे खलाशाला अंधारात कळतं की हा कुठला दिवा. आमचा दिवा काही वेळ तेवायचा, मग क्षणभर दिसेनासा व्हायचा, पुन्हा तेवायचा. त्यासाठी काचेभोवती पत्र्याचा एक पडदा फिरे, तो फिरवायला घड्याळासारखं यंत्र. पावसाळी हवेत ते यंत्र हटकून अडायचं. मग पडदा हाताने ओढायचा. वेळ बरोबर पडायला हवी, नाहीतर खलाशी भलत्याच बेटाचा हिशेब धरून खडकावर जायचा. मामंजी घड्याळाकडे बघून ओढत आणि झोपेने चुकत. आत्याबाईंनी घड्याळ बाजूला ठेवलं आणि जात्यावरची ओवी धरली. स्वतःच रचलेली.

दर्यामंदी उभा
काळा फत्तर भाऊ
नगं जवळ येऊ
गलबता रं

पहिल्या तीन ओळी दिवा दिसायचा. “गलबता रं” म्हणताना पडदा आड. पुन्हा “दर्यामंदी उभा”. दळायला बसलेल्या बाईचा ठेका कधी चुकत नाही. कितीतरी पावसाळे त्या समुद्रावरची गलबतं आमच्या घोडेगावकडच्या ओवीवर चालली, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता!

पुढे बेटावर नवा, मोठा दिवा बसला. जुनी काच एका कडेला तडकली होती म्हणून ती मोडीत काढून कोपऱ्यात टाकली. मामंजी निवृत्त झाले तेव्हा साहेबाने त्यांना निरोपाला काय हवं असं विचारलं. मामंजी तोंड उघडायच्या आत आत्याबाई बोलल्या, “त्यो कोपऱ्यातला.” साहेब हसला आणि हो म्हणाला.

कल्याणपर्यंत सामान गाडीने आलं, तिथून नाणेघाट पायी. हमालाने काच डोक्यावर घेतली आणि पहिल्याच चढाला त्याचा पाय घसरला. आत्याबाईंनी ती काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली, चुंबळीवर, घागरीसारखी, ती थेट घाटमाथ्यापर्यंत. वर जकातीचा तो जुना दगडी रांजण आहे ना, त्याच्याजवळ मामंजी बसले, कोकणाकडे पाठ केली आणि म्हणाले, “सुटलो. आता अंधार पडला की झोपायचं. दिवा म्हणून नजरेसमोर नगं.”

असं ते घर. एकाला दिवा नको, एकीला दिव्यावाचून चालत नाही. आणि मग माझ्या नणंदेचं लग्न ठरलं.

मुलगा खोडदचा, शेतीवाडीचा. लग्नात मुलीला हंडा, घागर, कळशी, पातेली अशी पितळेची भांडी द्यायची रीत. जुनं पितळ मोडीला घालायचं आणि नवी भांडी घ्यायची. जुन्नरच्या पेठेत भांड्यांचं दुकान चालवणारे एक चाचा होते, मामंजींचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या जुन्नरचं. ईदेला शिरखुर्मा आमच्याकडे आणि दिवाळीला आमच्या करंज्या त्यांच्याकडे. मामंजी जुन्नरला गेले ते भांडी पसंत करूनच आले आणि सहज म्हणाले,

“मोडीचं ठरलंय. दिव्याची चौकट जाड पितळंची हाय. चाचा लग्नाला येतोय, दुसऱ्या दिशी जाताना घिऊन जाईल.”

आत्याबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला.

“आन् काच?”

“काच त्याला काय करायची? फेकून देऊ परड्यात.”

 आत्याबाईंच्या तव्यावरची भाकरी एका बाजूने कोळसा झाली, आणि ती बाजू वर करून मामंजींच्या ताटात पडली.

पोरीच्या लग्नाच्या भांड्यांना आई ‘नको’ कशी म्हणणार? हा पेच त्यांनी कुणाला बोलून दाखवला नाही. फक्त रोज दुपारी काच उघडून मऊ कापडाने पुसायच्या. परक्याच्या घरी जाणारी लेक एक होती, पण आत्याबाई पाठवणीची तयारी दोघींची करत होत्या.

लग्न चैत्राच्या अखेरीला, गोरज मुहूर्तावर. म्हणजे गुरं घरी परतायच्या वेळी, दिवस मावळताना. वऱ्हाड खोडदहून बैलगाड्यांनी यायचं होतं. आता आमच्या डोंगरपट्ट्यात त्याच दिवसांत राब भाजतात; भाताची रोपं टाकायच्या जागी शेण, पालापाचोळा पसरून पेटवतात. त्या दिवशी सगळ्या वाड्यावस्त्यांनी जणू ठरवून राब पेटवले. दुपारपासून खोऱ्यात असा धूर साचला की समोरचा डोंगर दिसेना. दिवस कलला, वऱ्हाडाचा पत्ता नाही. घोडेगाव सोडल्यावर वाटेला फाटे फुटतात. एक आमच्याकडे, एक ओढ्यापलीकडच्या गावाकडे, एक नदीत. पाहुणे नवखे. वाट दाखवायला म्हणून भाड्याने दोन गॅसबत्त्या आणल्या होत्या. एकीची जाळी गाडीच्या हिसक्याने गळून पडली. दुसरीची “नीट बसलीये का बघतो” म्हणून मामंजींच्या धाकट्या भावाने बोट लावून बघितली. जाळी कशी असते ते गॅसबत्ती वापरलेल्याला सांगायला नको. ती जळक्या कापडाची जाळी बोट लागताच राख होऊन गळाली.

मांडवातला जो तो वाटेकडे डोळे लावून बसला. मुहूर्त टळला तर काय, हे कुणी बोलेना. नणंद आत मुंडावळ्या बांधून बसलेली, डोळे भरलेले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“सूनबाई, चुंबळ आण.”

घरामागे एक टेकाड आहे, माथ्यावर सपाट कातळ. काच आत्याबाईंच्या डोक्यावर, रॉकेलचा डबा माझ्या हातात. नव्या नऊवारीत मी ते टेकाड चढले ते अजून माझ्या गुडघ्यांना आठवतं. वात पेटली, काच खाली आली, आणि अहाहा! तो उजेड धुरात शिरला तो लोण्यात सुरी शिरावी तसा. खाली मांडवातल्या सगळ्या बायाबापड्यांनी, दिवेलागण झाली की जोडतात तसे, टेकाडाकडे हात जोडले. चाचांनीही टोपी सारखी करून मान लववली.

थोड्याच वेळात वाजंत्री ऐकू आली. “आलं! वऱ्हाड आलं!” एकच पळापळ. पाच गाड्या दारात. नवरदेवाच्या तोंडावर बाशिंग, मुंडावळ्यांचा पडदा. मामंजींनी त्याचे पाय धुतले, बायकांनी ओवाळलं, गूळपाणी झालं, व्याहीभेट झाली. व्याह्यांनी मामंजींना अशी मिठी मारली की फेटा सुटला. मामंजींना वाटलं, मुलाच्या बापाने साखरपुड्यापासून अंग धरलंय. 

मी टेकाडावरून उतरून आत आले तर नणंद दाराच्या फटीला डोळा लावून उभी.

“वैनी, ह्यो त्यो न्हाई.”

“गप गं. बाशिंगामुळे तसं वाटतं.”

“वैनी, ह्येला मिशा हायेत.”

“वाढल्या असतील.”

“चार दिसांत? आन् उंची? ती बी वाढली?”

मी बाहेर जाऊन आमच्या ह्यांच्या कानात सांगितलं. ह्यांनी मामंजींच्या कानात. मामंजी अतिशय अदबीने नव्या व्याह्यांना म्हणाले, “पावणं, खोडदला औंदा कांदा कसा हाय?”

“खोडदला? आमाला काय ठावं? आमी अवसरीचं.”

“मग हिकडं कसं?”

“कसं म्हंजी? दिवा बघून आलो की! एवढा उजेड म्हंजी लगीनघरच. गाडीवान म्हनला, हे काय दिसतंय. बैलं बी आपसूक वळली.”

ओढ्यापलीकडच्या गावातही त्याच मुहूर्तावर लग्न होतं. हे वऱ्हाड तिकडचं! मग जी गडबड उडाली! नवरदेवाला पाटावरून उठवला; तो उठेना, कारण नुकतेच पाय धुतले होते आणि ओल्या पायांनी जोडे घालायला त्याचा जीव होत नव्हता. त्याची आत्या आमच्या गूळपाण्याचं कौतुक करत दुसरा पेला मागत होती. चाचा हसून हसून मांडवाच्या खांबाला धरून उभे. “क्या बात है राव! नवरदेव आला, पाय धुतले, निरोप दिला. एवढ्यात घटस्फोटसुद्धा झाला!” आमचा एक गडी वाट दाखवायला देऊन त्या पाच गाड्या मार्गी लावल्या.

पण आमचं वऱ्हाड? आमचे हे सायकल काढून फाट्याकडे सुटले, आणि जेवढ्या वेगाने गेले त्याच्या दुप्पट वेगाने परत आले.

“आबा! फाट्यावर पोचलेत आन् नदीकडं वळत्यात! मी लांबनं हाका मारल्या, वाजंत्रीत कुनाला ऐकू जायना!”

“नदीकडं कशापायी?”

कशापायी ते नंतर कळलं. नवऱ्या मुलाचा चुलता पुढच्या गाडीत बसला होता. हा गृहस्थ मुंबईहून कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या बोटीवर उभं आयुष्य खलाशी. धुरातून त्याला टेकाडावरचा पांढरा, पापणी न लवणारा दिवा दिसला. बाकीचे म्हणाले, तेच लगीनघर. चुलता गाडीत उभा राहिला आणि ओरडला, “थांबा! असल्या दिव्याच्या अंगावर कुनी जातं का? तिथं खडक असत्यात! डावीकडं वळवा!” मुलाचा बाप म्हणाला, “आरं दादा, आपण बैलगाडीत हाय.” पण वयाने मोठा भाऊ, शिवाय दर्या पाहिलेला. गाड्या वळल्या.

आम्हाला तेव्हा एवढंच दिसत होतं की गोरज निघून चाललाय. गुरं गोठ्यात येऊन दावणीला बांधलीसुद्धा. भटजी आकाशाकडे बघून घसा खाकरत होते.

आणि मग मामंजी उठले. सुटलेला फेटा तसाच गळ्यात, गाडीवरचं घोंगडं ओढून घेतलं आणि टेकाड चढले. मी मागोमाग. माथ्यावर आत्याबाई दिव्यापाशी एकट्या उभ्या होत्या. वात बारीक-मोठी करत, खालच्या गोंधळाने कावऱ्याबावऱ्या.

“त्यांच्यात एक बोटीवरचा हाय,” मामंजी धापा टाकत म्हणाले. “मागं सांगत व्हता, आपल्या बेटावरनं लई येळा गेलाय. नुसता दिवा त्याला वळखू यायचा न्हाई. चाल दावली पायजे. ओवी म्हन.”

“आता?”

“मग काय बारशाला? म्हन!”

आत्याबाईंनी डोळे मिटले. “दर्यामंदी उभा, काळा फत्तर भाऊ, नगं जवळ येऊ...” आणि “गलबता रं” म्हणताच मामंजींनी घोंगडं दिव्यावर धरलं. खोरं काळं झालं. पुन्हा “दर्यामंदी उभा”, घोंगडं खाली, खोरं उजळलं. पुन्हा आड. आत्याबाईंचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग जात्यासारखा लागला. आणि मामंजी! समुद्राचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करणारे मामंजी, घोंगड्याची दोन्ही टोकं धरून असे ठेक्यात वाकत होते, उठत होते, की मी आजवर कुठल्या नटाला रंगभूमीवर इतकं रंगलेलं पाहिलेलं नाही.

खाली नदीच्या वाटेवर वाजंत्री थांबली. मग धुरातून एक आरोळी आली, खास बोटीवरची, लांबलचक. चुलत्याने दिवा ओळखला होता. ह्या दिव्याचा राखणदार म्हणजेच आपला व्याही, हे त्याला लख्ख कळलं. गाड्या वळल्या आणि बैल असे धावले की एका गाडीतून वरमाईच्या पाटल्यांची पेटी पडली आणि सायकलवरून आमच्या ह्यांनी उचलून आणली.

अक्षता पडल्या तेव्हा भटजींच्या मते मुहूर्त होता. गुरांच्या मते नव्हता. आम्ही भटजींचं ऐकलं. नवरदेवाला मिशा नव्हत्या, हे नणंदेने अंतरपाटाखालून वाकून आधी बघून घेतलं.

जेवणाच्या पंगतीत चुलता मामंजींना सोडेना. “राव, वादळी रातीला कितीदा ह्या दिव्यानं मला वाट दिली! तवा वर कोन जागं हाय, म्हाईत नव्हतं. तुमीच का?”

मामंजींनी हातातला घास ताटात ठेवला. मग वाढायला वाकलेल्या आत्याबाईंकडे हात करून म्हणाले, “मी झोपायचो. जागी ही असायची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी गाडी जुंपली. काच टेकाडावरून उतरवून अंगणात ठेवली होती, उन्हात झगमगत. चाचा तिच्याभोवती एक फेरी मारून आले, गाल खाजवला.

“तर भाऊ, बोललं ते बोललं. भांडी तर पोरगी घेऊन गेली. हे नेऊ का?”

 दिलेला शब्द मोडायची मामंजींना सवय नव्हती, आणि काच उचलून द्यायला हात पुढे होत नव्हते. नुसते फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत उभे. मग आत्याबाई पुढे झाल्या.

“पितळच पायजे ना, चाचा? देते की.”

आणि त्यांनी न्हाणीघराकडे बोट केलं. तिथे मामंजींचा बंब होता. तांब्यापितळेचा, ढेरपोट्या, चकचकीत. मुंबईहून खास आणलेला. मामंजींची रोजची कढत पाण्याची आंघोळ म्हणजे घरातला सर्वांत मोठा सण. ती चालू असताना कुणी मोठ्याने बोलत नसे.

“अगं...” मामंजी म्हणाले.

“काय?”

मामंजींनी बंबाकडे पाहिलं. काचेकडे पाहिलं. पुन्हा बंबाकडे, जरा जास्त वेळ.

“काय न्हाई,” ते म्हणाले. “चाचा, संबाळून न्या. तोटीपाशी जरा नाजूक हाय.”

बंब बैलगाडीत बसून जुन्नरला गेला. नवरीच्या गाडीमागे कुणी जितक्या लांब चालत गेलं नव्हतं, तितक्या लांब मामंजी त्या गाडीमागे गेले.

काच माजघरात परत आली, पण गोधडीत नाही. कणगीशेजारी पाटावर, उघडी. बेटावरचा बुरूज अजून उभा आहे म्हणतात. डोंगरातला हा जुना डोळा मात्र आम्ही राखला, तडकलेल्या कडेसकट. संध्याकाळी आत्याबाई तो पेटवत आणि घर हात जोडी.

त्या थंडीत मामंजी मातीच्या मडक्यात तापवलेल्या कोमट पाण्याने कुडकुडत आंघोळ करत. एका पहाटे ते ओल्या धोतराने, दात वाजवत माजघरातून चालले होते. काचेपाशी थांबले, वाकले, डोळे बारीक केले.

“सूनबाई,” ते कडाडले, “ह्या काचंवर बोट कुनी लावलं?”